दोन प्रांत गेले, सिंह राहिला: जर्मन शहरांच्या ढालींवर जगणारा हाइनरिश

एमएएन या जर्मन कंपनीचे मालट्रक तुम्ही कधी ना कधी पाहिले असतील. त्यांच्या समोरच्या जाळीवर एक छोटा सिंह असतो. हा सिंह मूळचा एमएएनचा नाही. उत्तर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात ब्युसिंग नावाची ट्रक बनवणारी कंपनी होती, तिचं ते चिन्ह. १९७१ मध्ये एमएएनने ब्युसिंग विकत घेतली आणि सिंहही सोबत आला.

ब्युसिंगने तो सिंह आपल्या शहराकडून घेतला होता. ब्राउनश्वाइगच्या नगरचिन्हात पांढऱ्या ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला लाल सिंह आहे. तिथल्या आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावरही तोच आहे. लोक शहराला ‘सिंहनगरी’ म्हणतात. आणि शहराकडे हा सिंह आला तो आठशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाकडून. त्याचं नाव हाइनरिश डेर ल्योवे, म्हणजेच सिंह हाइनरिश. इंग्रजी पुस्तकांत तो ‘हेन्री द लायन’ या नावाने भेटतो.

एके काळी जर्मनीत सम्राटाच्या खालोखाल त्याचा दरारा होता. पुढे त्याची सगळी पदं काढून घेतली गेली आणि त्याला देश सोडावा लागला. तरीही आज जर्मनीतल्या शहरांच्या ढालींवर तो ठिकठिकाणी सापडतो. काही ठिकाणी तो उघड दिसतो, काही ठिकाणी शोधावा लागतो, आणि एका ठिकाणी तो मुद्दाम ठेवलेला नाही. त्याचं आयुष्य या ढालींवरूनच समजून घेऊया.

आधी ढालीविषयी थोडं

युरोपात ‘कोट ऑफ आर्म्स’ म्हणजे ढालीवरचं चिन्ह वापरायची पद्धत बाराव्या शतकाच्या मध्यात रुळली. लढाईत शिरस्त्राणामुळे चेहरा झाकला जाई. समोरचा आपला की परका हे कळायला ढालीवर ठळक चित्र असलं की सोपं जाई. हळूहळू तेच चित्र झेंड्यावर आलं, कागदपत्रांवर उमटवायच्या शिक्क्यावर आलं आणि बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागलं. तेराव्या शतकात शहरांचा कारभार वाढला, त्यांनाही स्वतःचे शिक्के लागू लागले. त्या शिक्क्यांवरची चित्रं म्हणजेच पुढची नगरचिन्हं.

रंगांचेही नियम ठरले. सोनेरी आणि चंदेरी हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा हे ‘रंग’. धातूवर रंग किंवा रंगावर धातू चालतो, रंगावर रंग शक्यतो टाळायचा. कारण व्यवहारातलं आहे, लांबून चित्र स्पष्ट दिसलं पाहिजे. चंदेरी भाग कागदावर पांढरा दाखवतात. ब्राउनश्वाइगची पांढरी ढाल म्हणजे नियमाप्रमाणे चांदीची ढाल.

हाइनरिश जगला तो नेमका ही पद्धत आकार घेत असतानाचा काळ.

वारसा हिरावलेला मुलगा

हाइनरिशचा जन्म साधारण ११३० च्या सुमारास झाला. वडील वेल्फ घराण्यातले. बव्हेरिया आणि सॅक्सनी या दोन मोठ्या प्रांतांचे ते ड्यूक, म्हणजे सम्राटाच्या हाताखालचे प्रांताधिपती. तेव्हाचं सॅक्सनी म्हणजे साधारण आजचा उत्तर जर्मनी. आजच्या सॅक्सनी राज्याशी त्याची गल्लत करू नका. हाइनरिशची आई गेर्ट्रूड ही सम्राट लोथार तिसरा याची एकुलती एक मुलगी.

जर्मनीचा राजा तेव्हा जन्माने ठरत नसे, मोठे सरदार आणि धर्माधिकारी त्याची निवड करत. ११३७ च्या डिसेंबरात लोथार वारला, तेव्हा गादी जावयालाच मिळणार असं बहुतेकांना वाटत होतं. पण इतक्या बलाढ्य माणसाला राजा करायची इतर सरदारांना धास्ती वाटली. ११३८ मध्ये त्यांनी होहेनश्टाउफेन घराण्यातल्या कॉनराडला निवडलं. नव्या राजाने वेल्फांचे दोन्ही प्रांत काढून घेतले. पुढच्याच वर्षी हाइनरिशचे वडील वारले.

त्या वेळी हाइनरिश जेमतेम दहा वर्षांचा होता. ११४२ मध्ये तडजोड होऊन सॅक्सनी त्याला परत मिळालं. बव्हेरिया मात्र दुसऱ्याकडेच राहिलं.

११५२ मध्ये कॉनराडनंतर त्याचा पुतण्या फ्रीडरिश राजा झाला. लाल दाढीमुळे इतिहास त्याला ‘बार्बारोसा’ म्हणतो. त्याची आई वेल्फ घराण्यातली, हाइनरिशची सख्खी आत्या. म्हणजे राजा होहेनश्टाउफेनांचा असला तरी हाइनरिशचा आतेभाऊ होता. त्याला वेल्फांशी भांडण मिटवायचं होतं आणि इटलीतल्या मोहिमांसाठी सैन्य हवं होतं. ११५६ मध्ये त्याने बव्हेरियातून ऑस्ट्रिया वेगळं काढलं, ते आधीच्या ड्यूककडे ठेवलं आणि उरलेलं बव्हेरिया हाइनरिशला दिलं. पंचविशीच्या आसपासच वडिलांचे दोन्ही प्रांत त्याच्या हाती आले. पुढची वीस वर्षं हे दोघे भाऊ एकमेकांच्या आधाराने मोठे होत गेले.

पुलाचं भांडण आणि म्युनिकचा भिक्षू

म्युनिकच्या नगरचिन्हात सिंह नाही, एक भिक्षू आहे. काळा झगा, त्याला सोनेरी किनार, पायात लाल जोडे, एका हातात लाल पुस्तक. हाइनरिशचा त्याच्याशी काय संबंध?

आल्प्सच्या पायथ्याकडून येणारं मीठ इझार नदी ओलांडून पश्चिमेला जाई. नदीवरचा पूल होता ओबरफ्योरिंगला, फ्रायसिंगच्या बिशपच्या ताब्यात. जकात त्याची, बाजारही त्याचा. मीठ म्हणजे त्या काळचा नगद पैसा. हाइनरिशने तो पूल मोडून टाकला आणि थोडं दक्षिणेला, एका भिक्षूंच्या वस्तीजवळ, आपला पूल आणि बाजार उभा केला.

बिशप ओटो गप्प बसणारा नव्हता. तो नात्याने बार्बारोसाचा काका लागत होता. तक्रार सम्राटापुढे गेली. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मामेभाऊ. १४ जून ११५८ रोजी निकाल लागला: नवा बाजार राहील, पण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला मिळेल. दांडगाई करणाऱ्याच्या पदरात बाजार पडला आणि तक्रारदाराची हिश्श्यावर बोळवण झाली. म्युनिक आजही १४ जून हाच आपला वाढदिवस मानतं.

गावाच्या नावाचा अर्थच ‘भिक्षूंजवळचं’ असा होतो. म्हणून पुढे शहराने शिक्क्यावर भिक्षू घेतला, १२३९ च्या शिक्क्यावर तो दिसतो. काळाच्या ओघात चित्रकारांनी त्याला गोंडस मुलाचं रूप दिलं. ‘म्युन्शनर किंडल’ म्हणजे म्युनिकचं बाळ, तो हाच. ऑक्टोबरफेस्टच्या मिरवणुकीत आता एक तरुणी त्याच्या वेशात येते. शहराने नाव आणि भिक्षू जपले. ज्याच्या दांडगाईतून शहर उभं राहिलं, त्याला मात्र ढालीच्या बाहेर ठेवलं.

श्वेरीनचा स्वार, ल्युबेकचा गरुड

उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठी हाइनरिशचा हात आणखी जड होता. तिथे स्लाव्ह टोळ्या राहत. ओबोट्राइट या स्लाव्ह लोकांचा प्रमुख निक्लोट ११६० मध्ये हाइनरिशच्या सैन्याशी लढताना मारला गेला. माघार घेताना त्याने स्वतःच पेटवून दिलेल्या श्वेरीनच्या गढीच्या जागी हाइनरिशने नवं शहर वसवलं. श्वेरीन हे नाव मात्र स्लाव्हच राहिलं.

या शहराच्या चिन्हात निळ्या ढालीवर सोनेरी घोडेस्वार आहे, हातात झेंडा आणि ढाल, ढालीवर सिंह. हा खुद्द हाइनरिश. संस्थापकाला घोड्यासकट ढालीवर बसवणारं हे शहर. पण त्या सोनेरी घोड्याच्या टापांखाली निक्लोटची जळालेली गढी आहे, हे चित्रात दिसत नाही.

गंमत म्हणजे हाइनरिशला ही जमीन नुसत्या तलवारीवर राखता आली नाही. ११६७ मध्ये त्याने निक्लोटचा मुलगा प्रिबिस्लाव्ह याला बराचसा मुलूख परत दिला. प्रिबिस्लाव्हने बदल्यात त्याची सरदारी पत्करली. त्याच्या वंशजांनी मेक्लेनबुर्ग या नावाने त्या भागावर १९१८ पर्यंत राज्य केलं. जिंकणाऱ्याच्या हातून जे थोड्याच वर्षांत निसटलं, ते हरलेल्याच्या घराण्याने साडेसातशे वर्षं टिकवलं.

ल्युबेकची कथा वेगळी. हे बंदर होल्स्टाइनच्या काउंट आडोल्फने ११४३ मध्ये वसवलं होतं. त्याच्या भरभराटीमुळे हाइनरिशच्या बार्डोविक गावाचा बाजार बसला. त्याने ल्युबेकच्या बाजारावर बंदी आणली. ११५७ मध्ये शहर जळालं. हाइनरिशने जवळच ‘सिंहाचं शहर’ नावाचं स्वतःचं बंदर काढून पाहिलं, ते चाललं नाही. शेवटी ११५९ मध्ये आडोल्फने जागा सोडली आणि हाइनरिशने ल्युबेक नव्याने उभं केलं. पुढे हे शहर हान्सा या बलाढ्य व्यापारी संघाचं प्रमुख ठाणं झालं.

आणि ल्युबेकच्या ढालीवर काय आहे? दोन डोक्यांचा गरुड, म्हणजे सम्राटाचं चिन्ह. १२२६ मध्ये बार्बारोसाच्या नातवाने ल्युबेकला थेट साम्राज्याचं स्वतंत्र शहर केलं. आपल्यावर कोणी ड्यूक नाही, फक्त सम्राट आहे, हे सांगायला गरुडच हवा होता. त्या ढालीवर सिंहाला जागा उरली नाही.

चौकातला सिंह

हाइनरिशने आपलं मुख्य ठाणं केलं ब्राउनश्वाइगला. ११६६ च्या सुमारास त्याने तिथल्या डांक्वार्डेरोडे किल्ल्यासमोर काशाचा एक सिंह उभा केला. उंची १.७८ मीटर, लांबी २.७९ मीटर, वजन सुमारे ८८० किलो. रोमन काळानंतर आल्प्सच्या उत्तरेला इतकं मोठं, सुटं उभं असलेलं आणि आतून पोकळ ओतीव शिल्प याआधी कोणी घडवलं नव्हतं.

सिंहच का? वेल्फ या कुळनावाचा अर्थ श्वापदाचं पिल्लू असा होतो. त्यावरून सिंहाशी नातं जोडणं सोपं होतं. हाइनरिशच्या नाण्यांवर आणि शिक्क्यावरही सिंह आहे. शिवाय सिंह म्हणजे सत्ता आणि न्याय. त्या चौकात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला इथे कोणाचा शब्द चालतो हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

पहिल्या लग्नाचा घटस्फोट झाल्यावर ११६८ मध्ये त्याने इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याच्या मुलीशी, माटिल्डाशी लग्न केलं. ती बारा वर्षांचीही नव्हती, तो चाळिशीकडे झुकलेला. पुढे ‘सिंहहृदयी’ म्हणून गाजलेला रिचर्ड हा तिचा धाकटा भाऊ. ११७२ मध्ये हाइनरिश मोठ्या लवाजम्यासह जेरुसलेमच्या यात्रेला गेला. प्रिबिस्लाव्हही सोबत होता. परत आल्यावर त्याने सिंहाशेजारीच मोठं चर्च बांधायला घेतलं. एखाद्या राजाने करावं ते सगळं तो करत होता. फक्त राजा नव्हता.

नकार आणि पतन

११७६ च्या सुरुवातीला बार्बारोसा उत्तर इटलीत अडकला होता. तिथली शहरं एकत्र येऊन त्याच्याविरुद्ध उभी ठाकली होती. त्याने हाइनरिशला किआवेन्ना इथे गाठून मदत मागितली. सम्राटाने भावापुढे गुडघे टेकले, असं नंतरच्या बखरकारांनी रंगवून लिहिलं. तसं घडलं की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण भेटीचं फलित स्पष्ट आहे. हाइनरिशने मदतीच्या बदल्यात गोस्लार हे चांदीच्या खाणींचं शहर मागितलं. सम्राटाने ते नाकारलं, हाइनरिशने सैन्य नाकारलं. मे महिन्यात लेन्यानोच्या लढाईत बार्बारोसा हरला.

हाइनरिशच्या शेजाऱ्यांना आता संधी मिळाली. वर्षानुवर्षं त्याच्या दांडगाईने त्रासलेले बिशप आणि सरदार तक्रारी घेऊन पुढे आले. पूर्वी अशा तक्रारींवर सम्राट पांघरूण घालत असे, या वेळी त्याने खटला चालू दिला. हाइनरिशला पुन्हा पुन्हा बोलावणं गेलं, तो गेलाच नाही. ११८० मध्ये त्याचे दोन्ही प्रांत जप्त झाले. सॅक्सनीचे तुकडे झाले: पश्चिमेचा भाग कोलोनच्या आर्चबिशपला, पूर्वेचा आनहाल्टच्या बर्नहार्डला. बव्हेरिया मिळालं विटेल्सबाख घराण्याला, तेही पुढे १९१८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं.

त्याने लढून पाहिलं, पण सोबती गळत गेले. ११८१ मध्ये ल्युबेकने सम्राटाला दरवाजे उघडले. त्याच वर्षी एर्फुर्टला हाइनरिश सम्राटापुढे शरण गेला. ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्ग भोवतालची वडिलोपार्जित जमीन तेवढी उरली. पुढच्या वर्षी त्याला हद्दपार व्हावं लागलं आणि त्याने सासऱ्याच्या दरबारात आसरा घेतला.

११८५ मध्ये तो परतला. ११८९ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या बार्बारोसाने त्याला पुन्हा देशाबाहेर पाठवलं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगला मागे राहिलेली माटिल्डा वारली. हाइनरिश बंदी मोडून परत आला. ज्या बार्डोविकसाठी त्याने एके काळी ल्युबेकचा बाजार बंद पाडला होता, त्याच गावाने त्याला आत घेतलं नाही. त्याने ते उद्ध्वस्त केलं. गावकऱ्यांनी तटावरून त्याला उघडे ढुंगण दाखवले म्हणून तो भडकला, अशी दंतकथा आहे. श्वेरीनच्या बाजारपेठेत १९९५ मध्ये शिल्पकार पेटर लेंक यांनी उभारलेल्या सिंहस्तंभावर हा प्रसंगही कोरलेला आहे. ढालीवरचा रुबाबदार संस्थापक आणि त्याची ही टिंगल एकाच शहरात नांदतात.

११९४ मध्ये बार्बारोसाचा मुलगा, सम्राट हाइनरिश सहावा याच्याशी त्याचा समेट झाला. ६ ऑगस्ट ११९५ रोजी तो ब्राउनश्वाइगला वारला. त्याने बांधायला घेतलेल्या चर्चमध्ये माटिल्डाशेजारी त्याला पुरलं. जो मुकुट त्याला कधी मिळाला नाही, तो त्याच्या मुलाला मिळाला. ओटो चौथा १२०९ मध्ये सम्राट झाला. याच घराण्याच्या हॅनोवर शाखेतला जॉर्ज १७१४ मध्ये ब्रिटनचा राजा झाला. मुंबईच्या जुन्या व्हीटी स्टेशनला जिचं नाव होतं, ती राणी व्हिक्टोरियाही याच वंशातली.

माणसामागे उरलेला सिंह

लोकांनी त्याच्या सिंहाला कथेत घेतलं. म्हणे, यात्रेला गेलेल्या हाइनरिशने एका अजगरासारख्या राक्षसी ड्रॅगनशी झुंजणाऱ्या सिंहाला वाचवलं. तो सिंह त्याच्या मागोमाग ब्राउनश्वाइगला आला आणि धनी गेल्यावर त्याच्या थडग्यावरच त्याने प्राण सोडला. चर्चच्या एका दारापाशी दगडावर ओरखडे आहेत. आत जाण्यासाठी सिंहाने मारलेल्या पंजांच्या त्या खुणा, असं सांगतात. राजकीय दरारा दाखवायला घडवलेला प्राणी लोकांनी निष्ठेचं प्रतीक करून टाकला.

पण चिन्ह कोणाच्याही हाती लागू शकतं. पूर्वेकडच्या स्लाव्ह मुलुखावर चाल करून गेलेला हा ड्यूक नाझींना आपला पूर्वसुरी वाटला. १९३५ मध्ये त्यांनी त्याचं थडगं उकरलं, हिटलर स्वतः तिथे येऊन गेला. चर्चचं रूपांतर नाझी ‘राष्ट्रीय स्मारका’त झालं. सापडलेला सांगाडा नेमका कोणाचा, यावरच पुढे शंका घेतली गेली. युद्धानंतर चर्च पुन्हा प्रार्थनेसाठी खुलं झालं. मूळ सिंह आता किल्ल्यात, ऊनपावसापासून सुरक्षित आहे. चौकात १९८० पासून त्याची प्रतिकृती उभी आहे.

ब्राउनश्वाइगने मात्र या सगळ्यात आपला लाल सिंह सोडला नाही. हाइनरिशच्या नंतरच्या शतकांत हे शहर त्याच्याच वंशजांशी स्वातंत्र्यासाठी भांडत राहिलं. तरी ढालीवर सिंहच ठेवला, कारण तोवर तो ड्यूकचा न राहता शहराचा झाला होता.

जर्मन शहरांच्या ढाली पाहताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही. नगरचिन्हात संस्थापकाचं चरित्र नसतं. त्याच्या आयुष्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हा त्या शहराचा निर्णय असतो. ब्राउनश्वाइगने सिंह घेतला, श्वेरीनने स्वार. म्युनिकने भिक्षू ठेवून ड्यूकला वगळलं आणि ल्युबेकने थेट त्याच्या शत्रूच्या घराण्याचा गरुड लावला. चारही शहरांना घडवणारा माणूस एकच होता.